मडमेशेजारची जागा

ईस्टर आला म्हणून सुगंधाच्या कबरीला चुना लावायला गेलो. बायकोचं एवढंच काम आता माझ्याकडं उरलंय. पलीकडं मडमेची जुनी कबर आहे. तिच्या साहेबानं आमचं मेथडिस्ट देऊळ बांधलं, बायकोला इथं पुरलं, शेजारी स्वतःला जागा राखली आणि बोटीनं मायदेशी गेला तो गेलाच. त्या जागेत आज शेळी बसली होती. जागा राखली म्हणून माणूस येतोच असं नाही. पोरगा पुण्याला चला म्हणून मागं लागलाय. उरलेल्या चुन्यानं मी सुगंधाशेजारच्या मोकळ्या मातीवर चौकट ओढली.

आमच्या देवळाचे पाळक तिथं आले, म्हणाले, "काका, इथं कोण?"

"मी. पुण्यात मेलो तर हितं आणायला गाडी कोण करतंय? हितंच थांबतो."