वासूकाकांचं गुंतवळ

एसीच्या सर्व्हिसिंगला नेहमीच्या माणसाऐवजी दुसराच कुणी आला, हे दार उघडल्यावर दिसलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मी त्या दिवशी घरून काम करत होतो, मेधा तिच्या ऑफिसात आणि सई शाळेत. त्या पोराने शिडी लावली, जाळ्या काढल्या, आणि मी उगाच विचारावं म्हणून विचारलं, "वो वासुदेव नहीं आया?" तो शिडीवरूनच म्हणाला, "वासुदेवभाई तो गुजर गया, सर. रूम पे ही हार्ट अटॅक. पिछले हफ्ते बॉडी भी इंडिया चला गया. खलास." मग त्याने बादली मागितली. मी ती आणून दिली. माणूस गेल्याचं कळलं की आधी दुःख व्हावं अशी रीत आहे. माझ्या मनात आधी आलं ते असं, की आता सई रडणार... आणि मी मेलो तर ती एवढं रडेल का?

वासुदेव तारी, म्हणजे माझ्या मुलीचे वासूकाका, मूळ मालवणजवळचे. दोह्यात एका मेंटेनन्स कंपनीत एसी टेक्निशियन होते आणि इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या खोलीत पाच जणांबरोबर राहायचे. बायको गावी, मुलगी लग्न होऊन गेलेली. आमच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले ते गळका एसी बघायला, आणि त्यांची नजर गेली ती माझ्या फिशटँककडे. तो टँक म्हणजे माझं हात दाखवून अवलक्षण होतं. सईला आठव्या वाढदिवसाला समुद्र घरी आणून देतो म्हणालो होतो. साठ लिटरची काचेची टाकी, मिठाची बादली, पंप, दिवे, खडक, सगळं एका फेरीत आणलं. व्हिडिओ बघून तक्ते केले. महिन्याभरात दोन मासे आणि चार प्रवाळंही सोडली. प्रवाळं विरघळली, मासे मेले, आणि खडकावर तपकिरी बुळबुळीत थर चढला. सई त्या बाजूला बघेनाशी झाली होती.

वासूकाकांनी एसी दुरुस्त केला, हात धुतले आणि टाकीसमोर उकिडवे बसले. "साहेब, पानी वायट नाय. पन ह्याच्यात खानारा कोनच नाय," म्हणाले. मी त्यांना नायट्रेट, फॉस्फेट समजावून सांगू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या शुक्रवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, ते बसने आले आणि पिशवीतून जेवणाचा डबा काढला. डब्यात खारं पाणी, आणि त्यात हिरव्या तारेचा गुंता असावा असं शेवाळ. एका व्हिलात एसीच्या कामामुळे तिथल्या राखणदाराशी त्यांची दोस्ती झाली होती. तिथल्या मोठ्या टाकीत हे शेवाळ इतकं वाढायचं की ते लोक फेकून द्यायचे. सई डब्यात डोकावून म्हणाली, "It's like Mumma's comb!" वासूकाका हसले. "गुंतवळ गो, बाय. आवस केस इंचरता ना, मगे फणयेत ऱ्हवता ता." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या शेवाळाचं नाव गुंतवळ पडलं.

टाकीच्या मागच्या कप्प्यात ते ठेवायचं, त्याच्यावर लहानसा दिवा लावायचा आणि दुसरं काही करायचं नाही, एवढीच त्यांची पद्धत. पाण्यात जे साचतं ते गुंतवळ खातं आणि वाढतं, मग तपकिरी थराला उपाशी राहावं लागतं. दर शुक्रवारी वाढलेलं तेवढं काढायचं. काढलं की साचलेली घाणही गेली. मी विचारलं, प्रवाळं कधी आणू? म्हणाले, "ह्येका जगान् दे आदी. दर्याक घाई नसता, साहेब." चार महिने माझ्या दिवाणखान्यात नुसती हिरवी टाकी. ऑफिसातला एक मित्र तिला मेथीची जुडी म्हणायचा. मला लाज वाटायची. सईला मात्र नाही. गुंतवळातून आलेले टाचणीच्या डोक्याएवढे किडे ती टॉर्च मारून मोजायची, आणि शुक्रवारी वासूकाका आले की त्या दोघांचं बोलणं तासन्‌तास चालायचं. त्यातल्या एकेका वाक्याने माझ्या पोटात दुखायचं. कारण माझी मुलगी मराठीत बोलत होती. माझ्याशी नाही, त्यांच्याशी! मी "सई, जेवायला चल" म्हटलं की "Coming, Baba." आणि त्यांना, "काका, हो बघा, हो पळता!" दोन वर्षं मी फ्रिजवर बाराखडीचा तक्ता लावून ठेवला होता. पुण्याहून आणलेला, प्लास्टिक चढवलेला. तिने त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं.

मेधाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू शिकवतोस. ते बोलतात." मेधाचं म्हणणं बरोबर असलं की माझं डोकं जास्त फिरतं.

पाचव्या महिन्यात पाणी काचेसारखं झालं. मग एकेक करून प्रवाळं आली, आणि जगली. जांभळी, गुलाबी, वाऱ्यावर डोलावीत तशी डोलणारी. दिवाळीला दहा-बारा कुटुंबं आमच्याकडे फराळाला होती. सगळे टाकीभोवती, आणि मी आयत्या बिळावरचा नागोबा होऊन क्षारतेवर भाषण देत होतो. सई चकलीचा घास गिळून सगळ्यांसमोर म्हणाली, "Baba doesn't know all that. वासूकाकांनी केला हां." सगळे हसले. तिचं पहिलं चारचौघातलं मराठी वाक्य ते. त्याचं कौतुक करायचं सोडून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चार दिवसांनी, घरात कुणी नसताना, मी मागच्या कप्प्यातलं गुंतवळ काढलं. सगळं. मुठीत धरून पिळलं आणि पिशवीत घालून कचऱ्यात टाकलं. प्रवाळं लागली आहेत, आता या पाल्याची गरज काय, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. ती टाकी मला एकदा तरी माझी करायची होती. सईने रिकामा कप्पा पाहून विचारलं तेव्हा, मेलं असेल, म्हणालो. तीन आठवड्यांत खडकावर पुन्हा तपकिरी थर आला आणि दोन प्रवाळांनी तोंडं मिटली. त्या महिन्यात वासूकाका जादा कामावर होते. सईने मेधाच्या फोनवरून त्यांना बोलावून घेतलं. ते आले, मागचा कप्पा पाहिला, कप्प्याच्या कोरड्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. शेवाळ मेलं की ते कुजून पाणी पांढरं होतं. तसं काहीच झालेलं नव्हतं; हे त्यांना कळणार नाही असं मला वाटलं, तो मी इंजिनिअर! सईने विचारलं, "काका, why did it die?" ते म्हणाले, "कदी कदी आपसूकच मरता, बाय. आपन दुसरा घालूया." आणि डबा उघडला. त्यांनी आधीच आणलं होतं.

माणसाने सरळ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा तो मोठेपणा मला सोसेना. दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि, सईचा अभ्यास वाढलाय, आता शुक्रवारी येऊ नका, असं सांगितलं. ते म्हणाले, "बरां, साहेब." सईला त्यांनी काय सांगितलं हे मला मेधाकडून कळलं. शुक्रवारची ड्यूटी लागली म्हणे. मी सुटलो. आठ महिने मी घरातला एकमेव बाप होतो, आणि सई मला "Coming, Baba" म्हणत राहिली.

त्या दिवशी ती शाळेच्या बसमधून उतरून घरी आली आणि मी तिला सांगितलं. ती रडली नाही. मेधा आल्याबरोबर तिच्या हातून फोन घेतला आणि टाकीसमोर मांडी घालून वाचू लागली. मोठ्याने, अक्षराखाली बोट धरून. "बा-य, आज... मू-ठभर काढ. मुळा-त हात घालू न-को." मी मागे उभा राहून बघितलं. शेवटचे दोन सोडले तर आठ महिन्यांतला प्रत्येक शुक्रवार त्या फोनवर होता, वासूकाकांच्या मेसेजांत. पाणी किती घालायचं, कुठलं प्रवाळ कशाला रुसलं असेल, सगळं देवनागरीत, हजार चुकांनिशी. मी मेधाकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवणार नाही म्हटलं. मग शिकली. तुझ्या तक्त्यावरून एकेक अक्षर जुळवत बसायची."

तर मी अजून जळतो आहे. गेलेल्या माणसावर जळणारा मी पहिलाच नसेन, पण हे असं छापून देणारे थोडे असतील. सईला अजून वाटतं की गुंतवळ मेलं होतं आणि काकांना ड्यूटी होती. तोंडाने सांगायचं मी तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा टाकीच्या पाण्याबद्दल बोलून उठलो. वासूकाका दोनदा माझ्यासाठी खोटं बोलले. तिसऱ्यांदा बोलायला ते नाहीत. म्हणून मराठीत लिहिलं. वर्षभरापूर्वी वर्तमानपत्राची ही मराठी पुरवणी तिच्यापासून लपायला सर्वांत सुरक्षित जागा ठरली असती. आता ती वाचेल, जोडाक्षरांना अडखळत, पण शेवटपर्यंत जाईल.

सई, इथपर्यंत आली असशील तर हे सावकाश वाच. गुंतवळ आपसूक मेलं नव्हतं, ते मी काढून टाकलं. काकांना ड्यूटी नव्हती, त्यांना येऊ नका असं मी सांगितलं. मी शेजारीच बसलोय.