नंबर भिलाईचा होता

झाकण उघडलंच नाही कोणी.

मोठ्या टेबलावर सगळ्यायचे डब्बे मांडून होते. बिलासपूरचा, रायगडचा, जगदलपूरचा, राजनांदगावचा, दुर्गचा. सगळे उघडे. याचा चमचा त्याच्या डब्ब्यात, त्याचा याच्या. आन माह्या आईनं पहाटे उठून केलेली पाटोडीची भाजी तशीच. झाकण घट्ट. मी बाजूले उभी, हातात रिकामी प्लेट घेऊन, येड्यासारखी.

मले वाटलं, दिसला नसन लोकायले. म्हून मीच डब्बा पुढं सरकवला. म्हटलं, "घ्या न. पाटोडी हाय, नागपूरकडची."

अध्यक्षसाहेब हसले. "हमारे यहाँ नॉनव्हेज नहीं चलता, मॅडम."

"सर, बेसनाची राहते ते. व्हेज हाय."

ते बाजूच्या माणसाकडं वळले. आवाज बारीक केला, पण मले ऐकू जाऊ नये इतका नाही.

"बर्तन तो वही है न."

बाजूचा माणूस मान खाली घालून हसला. दुर्गच्या विमलताई मठ्ठ्याचा ग्लास तोंडाले लावून खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी डब्बा उचलला आन पिशवीत टाकला. बोलली काहीच नाही. तेव्हा नाही बोलली, याचा मले आजही राग येते.

हे लोक कोण, ते आधी सांगते. आपल्या ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवाचं, वाचकाले द्याचं, वाचून झालं की सांभाळून वापस पाठवाचं, हे आमचं काम. छत्तीसगडात जे जे हे काम करून राहिले त्यायची एक संघटना हाय. मी भिलाईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आमच्यात एक रीत हाय. फोनवर कोणी कोणाले नावानं हाक मारत नाही, गावानं मारते. "हॅलो दुर्ग, भिलाई बोलून राहिली." झालं. कोणाचं आडनाव कोणाले माहीत नाही, कोणाले पडलीबी नाही. विमलताई मराठीच, तोंडात साखर. "अगं भिलाई, तुझा फोन आला नाही की चुकल्यासारखं वाटतं," असं म्हणाच्या. मलेबी वाटे, आपली एक मोठी बहीण हाय दुर्गले.

मंग मी पहिल्यांदा सभेले गेली, तेच हे डब्ब्याची सभा. दाराशी छातीवर चिठ्ठी लावून दिली, त्याच्यावर पूर्ण नाव. विमलताईनं आधी चिठ्ठी वाचली आन मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं. "अच्छा. असं होय." तिथंच बहिणपण संपलं.

सभेले घरचा डब्बा आणाचा आन सगळ्यायनं सगळ्यायचं खायचं, हे जुन्या लोकायनं लावून देलं होतं म्हणे. पुस्तक जसं गावोगाव फिरते तसा डब्बा फिराले पाह्यजे. काय गोड बोलणं बाप्पा! वरून कीर्तन, आतून तमाशा.

घरी आली तं आईनंच डब्बा काढला पिशवीतून. भिलाईतच रुआबांध्याले आमचं घर. उचलल्याबरोबर वजनावरून समजलं तिले.

"हे तं तसंच हाय वं."

"पोटं भरले होते लोकायचे."

तिनं झाकण उघडलं, वास घेतला. खराब झाली नव्हती भाजी. माहा बाप पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनले, कोळशाच्या भट्टीवर होता. भट्टीपुढं सगळे एकाच माठातलं पाणी प्यायचे, पण ड्यूटी सुटल्यावर त्यातल्या एकाच्याही घरी बापाले कधी चहाले बोलावणं नाही आलं. आईचं हे सारं पाहून होतं. तिले खोटं बोलून काय उपयोग?

"पुढच्या बारी डब्बा नेऊ नको," ते म्हणाली. "नोकरी सांभाळ."

पुढच्या बारी नेलाच नाही. कावून नाही आणला म्हून एकानंही विचारलं नाही. उलट सगळ्यायले बरं वाटलं. त्यायले बरं वाटलेलं मले दिसलं, आन मी ते गिळलं. तुमी म्हणसान, कावून टिकली होती मंग तिथं? एका कारणासाठी. नंबर.

आमच्या कामात नंबर मोडत नाही. ज्यानं पुस्तक पहिले मागितलं त्याले पहिले. एका बारी एका मोठ्या अफसराच्या पोराले परीक्षेसाठी पुस्तक पाह्यजे होतं. पुस्तक रायगडहून याचं होतं. पण त्याच्याआधी नंबर आमच्या भिलाईतल्याच सुपेल्याच्या एका पोरीचा होता, बाप वेल्डिंगच्या दुकानात काम करे तिचा. अफसराचे फोनवर फोन. आमचे प्रिन्सिपल म्हणे, देऊन टाका. शेवटी मी अध्यक्षसाहेबायले फोन लावला. ते म्हणाले, "नंबर मतलब नंबर. मंत्री भी आए तो लाइन में खड़ा रहेगा." पुस्तक त्या पोरीलेच भेटलं. मी स्वतः देलं तिच्या हातात. त्या दिवशी मले खरंच वाटलं, हा माणूस डब्ब्यापुरता खराब असन, कामात न्यायाचा हाय.

आन सचिवबी आमच्यात नंबरानंच होते. निवडणूक नाही, भांडण नाही. ज्या गावी सभा त्या गावचा माणूस वर्षभर सचिव. यंदा सभा भिलाईले होती, म्हून नंबर भिलाईचा होता. माहा होता. मले खुर्चीचा शौक नव्हता. आमच्याकडं, खुर्सीपारकडं, कॅम्पकडं बुद्धविहारात पोरायनं लहान लहान वाचनालयं मांडली हायत. पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आन पुस्तकं भेटत नाहीत. नवीन ग्रंथालयाले साखळीत घ्याचं का नाही, हे सचिवाच्या हातात राहते. एक वर्ष भेटलं असतं तं त्या सगळ्यायले मी जोडून टाकलं असतं. रायगडचं पुस्तक विहारात आलं असतं. पोरायले सांगूनबी ठेवलं होतं मी.

सभेच्या आठवडाभर आधी विमलताईचा फोन आला. आधीच्या सालची सभा दुर्गले झाली होती, म्हून सचिव त्याच होत्या.

"हे बघ, यंदा सचिवपद माझ्याकडेच राहू दे म्हणतायत सगळे. आणि जेवण केटररचं, हुडको कॉलनीतला एक आहे. डब्यांची कटकट नको. तू स्वागताचं बघ. खुर्च्या, पाणी, हॉल झाडून घेणं. तुम्ही लोक कामाला वाघ असता."

"तुमी लोक म्हणजे कोण, ताई?"

"अगं, तसं नाही गं."

"मंग कसं?"

फोन कट. तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. आईले सांगितलं तं म्हणे, "एक वर्ष थांब न. पुढं देतीन." कोण देईन? पुढं म्हणजे कधी? माह्या बापालेबी कारखान्यात बढतीबिढती सगळं पुढंच देणार होते.

सभा आमच्याच वाचनकक्षात झाली. हॉल शिपायानं झाडला, त्याचं कामच ते. मी झाडू धरला नाही, पाण्याचा ट्रे उचलला नाही. साडी नेसून पहिल्या लाईनीत जाऊन बसली. समोर मंचावर दोन खुर्च्या. एकीवर अध्यक्षसाहेब. दुसरी सचिवाची, रिकामी.

ते उठले आन म्हणाले, सचिव म्हून दुर्गवाल्या मॅडमच कायम राहतील, सर्वसम्मती से. टाळ्या सुरू झाल्या.

मी हात वर केला. "नंबर भिलाई का है."

टाळ्या थांबल्या.

"मॅडम, ये परिवार है. परिवार में नंबर नहीं देखते."

"वेल्डिंगवाले की बेटी का नंबर आपने नहीं तोड़ा था, सर. मेरा क्यों तोड़ रहे हैं?"

त्यायनं चष्मा काढला. रागावले नाहीत. लहान लेकराले समजावून सांगावं तसं बोलले.

"वो किताब थी, मॅडम. ये कुर्सी है."

बस्स. सगळं समजलं मले. पुस्तक हे लोक कोणालेबी देतीन. पुस्तक वापस येते. बाजूले बसवाची गोष्ट आली की मंग भांडं आठवते यायले. इतके वर्ष मी त्या माणसाच्या न्यायाच्या गोष्टी विहारातल्या पोरायले सांगत होती! लाज वाटली मले, माही. आन मंग ते लाज गेली, आन उरला तो राग. तो अजून गेला नाही, जाऊबी नये.

मी उठली. मंचावर गेली आन रिकाम्या खुर्चीवर बसली.

"उठिए," अध्यक्षसाहेब म्हणाले.

"नाही."

"मॅडम, तमाशा मत कीजिए. उठिए."

"नाही उठत." मराठीतच बोलली मी. हिंदी सुचलीच नाही.

मले उठवाचं तं हात धरावा लागे. पूर्ण हॉल भरून माणसं, आन माह्या हाताले हात लावाले एकही पुढं आला नाही. विमलताई पायऱ्यापर्यंत आल्या, म्हणाल्या, "असं करू नये गं," आन तिथंच थांबल्या. अध्यक्षसाहेबायनं इकडंतिकडं पाह्यलं, फाइल उचलली आन सभा स्थगित म्हून सांगितलं. खुर्च्या सरकवत सगळे गेले. केटररचं जेवण आलं तेव्हा हॉलमध्ये मी एकटी बसली होती.

नंतर ऐकलं, दुर्गले एका घरी बसून त्यायनं विमलताईलेच सचिव करून टाकलं. अध्यक्षसाहेबायचा फोन आला मले. सगळ्यायसमोर माफी मागा, नाही तं सदस्यता जाईन. सदस्यता गेली तं भिलाईले कोणी पुस्तक पाठवणार नाही. प्रिन्सिपल म्हणे, मागून टाका, दोन शब्दाचं काम हाय. आई रात्रभर झोपली नाही, सकाळी मले म्हणाली, "माग न वं, तुह्या पाया पडते." जगदलपूरवाल्यानं फोन केला, "भिलाई, बहुत सही किया," आन मंग म्हणे, माहं नाव कोणाले सांगू नको. असा पाठिंबा घेऊन काय चाटाचं?

आईच्या जवळ बसली मी. म्हटलं, आई, कारखान्यात काही झालं की तू बापाले साहेबायची माफी मागाले लावली, त्यानं मागितली, प्रत्येक बारी. काय भेटलं?

तं ऐकून घ्या. माफी मागणार नाही. पुस्तकं पाठवणं बंद करणार नाही, वाचकानं माहं काही बिघडवलं नाही. विहारातली पोरं नंबर लावून बसली हायत, त्यायले मी हात हलवत वापस पाठवणार नाही. पुढची सभा राजनांदगावले हाय. मले बोलावणं येणार नाही, मी जाणार हाय. भिलाईचा नंबर झाल्याबिगर राजनांदगावचा येत नाही, हा त्यायचाच नियम. मंचावरच्या त्या खुर्चीवर मी जाऊन बसणार. ज्याले मले उठवाचं हाय, त्यानं हात धरून उठवावं.