सूनबाईच्या दुकानातली हजेरी

आमच्या घरात राजकारण सासऱ्यांचं आणि येसर आम्हा दोघी जावांचं. ज्यानं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी ओरपलीय त्याला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं की धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं ते पीठ असतं, आणि ते भाजताना शिंकून शिंकून जीव जातो. बीडकडच्या पालीजवळच्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत कांडप मशीन बसवून आम्ही ते ऑनलाइन विकायला काढलं. खोली मामांची, म्हणजे सासऱ्यांची. एरवी ते तिचं निवडणुकीचं हापिस करतात. "दिवाळीपर्यंत चालवा," म्हणाले, "न्हाई चाललं तर मशीन उचला. मला जिल्हा परिषदेला उभं ऱ्हायचंय."

मला ती खोली पाहिजे होती, अगदी हट्टानं. साऱ्या घरात तेवढी एकच जागा अशी होती जिथं कुणी येऊन "चहा टाक" म्हणत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून असं सुख मला ठाऊक नव्हतं.

दुकानाचे आकडे मोबाईलवर यायचे. ते काही माझ्या डोक्यात शिरायचे नाहीत, म्हणून मी ते उचलून एआयला विचारायची. मराठीत विचारलं की मराठीत सांगायचं, आणि तेही किती अदबीनं! आमच्या घरातल्या एका तरी पुरुषानं मला कधी असं उत्तर दिलं असेल तर शपथ.

एक दिवस दुकानात अचानक गर्दी उसळली. एआय माझ्याहून खूश. 'अभिनंदन! भेटी झपाट्याने वाढल्या आहेत. माल तयार ठेवा.' झालं, आम्ही दोघी येड्यासारख्या भाजत बसलो. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. विक्री मात्र होती तेवढीच. लोक यायचे, येसर कार्टमध्ये टाकायचे आणि ते तसंच सोडून चालते व्हायचे.

मामा रोज चहाला विचारायचे, "आज किती आले गं?" मी सांगितलं की मिशीतल्या मिशीत हसायचे. "लोकांचं प्रेम हाय," म्हणायचे. मला वाटायचं, बदलला बाई म्हातारा!

शेवटी वैतागून मी एआयला विचारलं, या लोकांना झालंय तरी काय? त्यानं चार कारणं सांगितली, घरपोच पाठवायचा खर्च जास्त वाटत असेल, फोटो बरे नसतील, असलं काहीबाही. पण एक गोष्ट त्यालाही खटकत होती. ही सगळी मंडळी बीड-पाटोदा भागातलीच, सकाळी एकाच वेळी येतात आणि आल्या पावली जातात. 'त्यांना कोणी यायला सांगितले आहे का?' आम्ही तर कुणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणालं, कार्टमध्ये माल सोडून गेलेल्यांना आठवण करून द्या. मी संदेश पाठवला, 'तुमचं येसर तुमची वाट बघतंय.'

पहिलं उत्तर आलं ते असं: 'वहिनी, येसर ऱ्हाऊ द्या, घरी लई हाय. साहेबांना तेवढं सांगा, मी रोज हजेरी लावतो.'

जावेनं तिच्या नवऱ्याचा फोन उघडला. मामांच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर मामांचा हुकूम होता. रोज सकाळी सूनबाईच्या दुकानाला भेट द्यायची आणि स्क्रीनशॉट टाकायचा. त्याखाली नुसतं 'हजर', 'हजर', 'हजर'. ज्यांना मामांच्या मर्जीत राहायचं होतं ते येसर कार्टमध्ये टाकून त्याचाही फोटो लावत होते. सभेला ट्रॅक्टर भरून माणसं आणतात, तशी आमच्या दुकानात आणली होती.

मी तडक बैठकीत गेले. "मामा, हे कावून केलं?"

"तुला बरं वाटावं म्हणून, पोरी. रिकामं दुकान चांगलं दिसतं का?"

"आन् ते पोत्यानं भाजलेलं येसर? ते आता तुमच्या सभेत वाटू का?" जाऊ दाराआड फिस्सकन हसली. मला मात्र रडू येत होतं.

त्यांच्यासमोरच मी एआयला सांगितलं, ही सगळी माणसं वगळ आणि उरतं ते सांग. उरली मूठभर. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, दोघी-तिघी पुन्हा पुन्हा मागवणाऱ्या. 'हे तुमचे खरे ग्राहक आहेत,' असं त्यानं लिहिलं. एवढ्याशा माणसांवर खोली कुठली मिळायला? पण माझी जीभ काही गप्प बसेना.

"थोडे हायत, मामा. पण न बोलावता आलेत. ते माझे हायत. आता खोली घ्यायची तर घ्या."

मामांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि ती मूठभर नावं वाचली. फोन परत देत म्हणाले, "खोली ऱ्हाऊ दे तुमाला."

मी उठले, तर म्हणाले, "बस जरा. त्याला इचार, माझे किती हायत?"

"ते तुमीच सांगायला पाहिजे, मामा. मागल्या सभेला न बोलावता कोण कोण आलतं?"

मामांनी बोटांवर मोजायला हात पुढं धरला, डोळे मिटले आणि आठवू लागले. "एक तर तुझी सासू," म्हणाले.

मग हात हळूच मांडीवर ठेवला.

"न्हाई. तिला बी मीच गाडी पाठवलती."