पहिलं ताट गयाबाईचं

माझ्या बायकोच्या मामांइतक्या घाबरत घाबरत लोकांना जेवू घालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. परभणी स्टेशनच्या बाजूला त्यांचं हॉटेल आहे, निजामाच्या काळातलं. उंच छत, संगमरवरी टेबलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराला हिरवा पडदा. मामांचं निम्मं आयुष्य त्या पडद्याआडून डोकावण्यात गेलं आहे. गिऱ्हाईकाने पहिला घास तोंडात घातला, की इकडे यांचा श्वास अडकतो. एकदा कोणी बिचारा भाकरी मोडता मोडता शिंकला, तर मामा पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि म्हणाले, "ठेचा लय झाला का? खरं सांगा, आमी राग धरणार न्हाई." त्याला नुसती सर्दी झालेली होती. तरी त्या दिवशीचा सगळा ठेचा मामांनी बदलायला लावला.

त्यांच्या हॉटेलात रात्रभर ठेवलेली भाजी शिजत नाही. झरी गावच्या स्वतःच्या रानातून आणि ताडकळसहून सकाळच्या बसने जे येईल तेच दुपारी ताटात. पुण्याच्या भाच्याने हौसेने एक पाटी करून पाठवली : 'शेतातून थेट ताटात'. पाटी लागल्यापासून मामांची झोप उडाली. "जावईबापू, हे खोटं हाय हो," ते मला म्हणाले. "मधी ताडकळसचा स्टँड हाय, परभणीचा स्टँड हाय. थेट कुठं हाय?" आठ दिवस तळमळून त्यांनी पेंटरला बोलावलं आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गे बसस्टँड' असं लिहून घेतलं. लोक पाटीचे फोटो काढतात आणि हसतात. मामांना मात्र तेव्हापासून जरा बरं वाटतं.

आणि पहिलं ताट गयाबाईचं. हा नियम कधी मोडला नाही. गयाबाई म्हणजे ताडकळसची शेतकरीण. दीड एकर रान, त्यात वांगी, अंबाडी, चुका. टोपली घेऊन बसने यायची, "जय भीम, मालक" म्हणत आत शिरायची आणि हॉटेलातल्या मधल्या टेबलावर बसून सगळ्यांच्या आधी जेवायची. ज्यानं पिकवलं त्यानं आधी चाखावं, असं मामांचं म्हणणं. दोघा-तिघा जुन्या गिऱ्हाईकांना ती तिथे बसलेली खपली नाही. मामा एरवी इतके घाबरट, पण त्यांनी त्या मंडळींना दाराची वाट दाखवली. ती जेवत असताना मामा समोर आपलं ताट घेऊन बसायचे. ती हळू आवाजात काहीतरी सांगत राहायची आणि मामा डोळे मिटून घास चावत राहायचे. मला वाटायचं, चालल्या असतील गावाकडच्या गप्पा. मी शाळामास्तर; सकाळची शाळा सुटली, की शेजारच्या टेबलावर असायचो. मला कोणी विचारलंच, तर मी न चाखताच "छान" म्हणून मोकळा व्हायचो. जावयाने दुसरं म्हणायचं तरी काय?

मागच्या हिवाळ्यात एक दिवस टोपली आली, गयाबाई आली नाही. नेमकी त्याच दिवशी जिंतूरच्या एका घरची तीस माणसं जेवायला यायची होती. त्यांच्या आजोबांची पंच्याहत्तरी होती. हे आजोबा तरुणपणी गाडीची वाट बघत इथेच जेवायचे आणि इथल्या भरल्या वांग्यांची गोष्ट नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगायचे. एक वाजला, माणसं बसली, ताटं मांडली, आणि मामा काही वाढू देईनात. पडद्याआड घामाघूम होऊन उभे. "गयाबाई आल्याबिगर न्हाई," एवढंच म्हणायचे. बाहेर आजोबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"अहो मामा, मी चाखलंय, छान झालंय," मी म्हणालो.

मामांनी माझा दंड धरून मला कोठीघरात नेलं आणि दार लोटलं. "जावईबापू, कुणाला सांगू नका. मला चव लागत न्हाई. दोन वर्षामागं मोठा ताप आल्ता, तवापासून. मीठ अन् साखर मला सारखीच हाय. घरात बी कुणाला ठाऊक न्हाई, गयाबाईला तेवढं ठाऊक हाय." मीठ दोनदा पडलेलं वरण ते मिटक्या मारत जेवले, तेव्हा तिने ओळखलं होतं. हॉटेलचा मालक, आणि जिभेला काही कळत नाही! हे गावात पसरलं असतं तर मामा दुसऱ्या दिवशी उठले नसते. पडद्याआडून बघणाऱ्या त्या माणसाला मी इतकी वर्षं हसत होतो, याची मला तिथे फार लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. गयाबाईच होती. विहिरीपाशी पाय घसरून गुडघा सुजला होता. मामांनी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "जावईबापूला द्या फोन." मी फोन घेतला.

"तुमी लय छान छान म्हंता. आज तसं चालायचं न्हाई. वांगं जिभेवर ठिवा, गिळा, मग बोला."

मी वांगं जिभेवर ठेवलं. खारट! नुसतं खारट नव्हे, तोंड वाकडं व्हावं इतकं. धांदलीत मामांनी आणि आचाऱ्याने दोघांनीही मीठ घातलं होतं. गयाबाईने फोनवरूनच सांगितलं : बिनमिठाचं कोरं वाटण घाला, टोपलीतली उरलेली वांगी टाका, पाणी वाढवा. दर पाच मिनिटांनी मी चाखत होतो आणि मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. पाऊण तास उशिरा ताटं वाढली गेली. आजोबांनी पहिला घास सावकाश चावला. नंतर त्यांनी आणखी दोन वांगी मागून घेतली. मामा पडद्याला धरून खाली बसले.

गयाबाईचा गुडघा काही नीट झाला नाही. ती आता नांदेडला मुलाकडे असते. टोपली तिचा पुतण्या बसमध्ये ठेवून देतो. रोज दुपारी शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन मी मधल्या टेबलावर बसतो. परवा अंबाडी होती, खरोखर उत्तम जमलेली. सवयीने मी "छान" म्हणालो आणि मामांचा चेहरा लगेच काळजीने उतरला.

"गयाबाई काय म्हणली असती?"

मी पुन्हा एक घास घेतला, नीट. "लसूण जरासा करपलाय, मामा. बाकी सगळं बरोबर."

"हां," ते म्हणाले आणि आचाऱ्याला वाढायची खूण केली. मग आपलं ताट घेऊन माझ्यासमोर बसले, भाकरीचा तुकडा अंबाडीत बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"सांगा," ते म्हणाले.

"आधी आंबट लागतंय," मी सुरुवात केली. "मग मागून ज्वारीच्या कण्या येतात, गोडसर..."

मी सांगत गेलो आणि मामा सावकाश जेवत राहिले.