माझं यकृत नापास झालं

आजार माझ्या भावाचा, आणि डॉक्टर वाचत होते माझा रिपोर्ट.

शिरीषला सिरोसिस झाला होता, म्हणजे यकृत कठीण पडून निकामी होत जाणं. दारूला कधी न शिवलेल्या माणसाला हे कसं झालं, हे विचारून नातेवाइकांनी आमचं डोकं खाल्लं होतं. उपाय एकच, ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या यकृताचा भाग काढून त्याला बसवणं. माझा रक्तगट जुळला. मी बँकेत रजेचं बोलूनही ठेवलं. मग माझ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मॅडम, अभी आपका लिवर लेने लायक नहीं है."

मला फॅटी लिव्हर निघालं. यकृतात चरबी साठली की त्याला असं म्हणतात. असं यकृत दिलं तर धोका दोघांनाही. औषध विचारलं, तर नाही म्हणाले. रोज सकाळी भरभर चाला, वजन उतरवा, मग पुन्हा स्कॅन करू. तोवर शिरीष तग धरेल का, असं विचारलं, तर त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली.

बाहेर बाकावर शिरीष बसला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, राहू दे. तू आणि सकाळी उठणार? माझी केस त्यापेक्षा सोपी आहे."

मला हसू आलं नाही. संताप आला.

जन्मभर मी उशिरा उठणारी बाई. आता पहाटे उठायचं, तेही लखनऊच्या ऐन थंडीत, महानगर नावाच्या आमच्या वस्तीतल्या पार्कात, जिथे धुक्यात समोरचं झाड दिसत नाही. लेक इरा पांघरूण ओढायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "मम्मा यार, उठो." गुडघे दुखायचे, धाप लागायची, स्वेटरच्या आत घाम आणि बाहेर नाक गारठलेलं. ताजंतवानं वगैरे काही वाटायचं नाही. बँकेत दुपारी पेंग यायची.

त्यात एक मिश्राजी. निवृत्त गृहस्थ, रोज माझ्या बरोबरीने चालत सल्ले द्यायचे. नाकाने श्वास घ्या, लौकीचा, म्हणजे दुधीचा, रस प्या, हात असे हलवा. या माणसाला टाळायचं निमित्त पुरलं आणि मी सरळ जाणंच बंद केलं.

त्याच आठवड्यात शिरीषला दवाखान्यात भरती करावं लागलं. असायटिस, म्हणजे पोटात पाणी साठतं. सुईने ते काढत होते. मी पोचले तेव्हा तो गुंगीत होता. गाल आत गेलेले, पोट तेवढं फुगलेलं. माझी भावजय मंजिरी कधी काही मागणारी नव्हे. तिने हळूच विचारलं, "वन्सं, चालणं कसं चाललंय?"

मी म्हटलं, "बंद होतं. उद्यापासून जाते."

ती फक्त माझा हात धरून बसली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पार्कात मिश्राजींनी तोंड उघडताच मी थांबून सांगितलं, "भाई को लिवर देना है मुझे. बातें करते हुए मुझसे तेज़ नहीं चला जाता."

त्यानंतर रोज ते माझ्या दोन पावलं पुढे चालायचे, भरभर, एक शब्द न बोलता. त्यांना गाठायचं एवढंच माझं काम. तरी राग यायचाच. वय माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि दम मलाच लागायचा.

थंडी ओसरताना पुन्हा स्कॅन झालं. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. "अब ले सकते हैं."

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट दारात हजर, "चलिए, थोड़ा टहलते हैं." पोटावर एवढे टाके, आणि इथेही चालणंच. मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

शिरीष आता अमौसीला विमानतळावर कामावर जातो. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून त्याला कायम गोळ्या घ्याव्या लागतील. माझं उरलेलं यकृत पुन्हा वाढलं, ते वाढतं. डॉक्टरांचे, मंजिरीचे, मिश्राजींचे उपकार आहेतच.

पण सवय लागली की सकाळ आवडायला लागते, असं जे सांगतात, ते माझ्या बाबतीत घडलेलं नाही. मी अजून जाते आणि अजून चिडते. तुमच्यावर अशी वेळ आली तर आवड निर्माण व्हायची वाट बघू नका. शिव्या घालत गेलात तरी चालेल. मी तशीच गेले, आणि शिरीष घरी आला.