गाळाच्या विटांची भिंत

आमच्या अंगणवाडीची नवी खोली नदीतल्या गाळाच्या विटांची आहे. पुलाखाली साचलेला गाळ उपसून काठावर टाकला होता. त्यात थोडं सिमेंट मिसळून बचत गटाच्या शालनताईंनी यंत्रावर विटा पाडल्या आणि आमची खोली उभी राहिली. परवा दुपारी मुलं खिचडी खात असताना त्या भिंतीवर खालून वीतभर ओल चढलेली मला दिसली. मी मुलांच्या ताटल्या खोलीच्या मधोमध सरकवल्या आणि शालनताईंना फोन केला.

त्या लगेच आल्या. ओलीवर तळहात ठेवला, मग नखानं वीट खरवडून पाहिली.

“वीट पक्की आहे,” त्या म्हणाल्या. “ओल जमिनीतनं आलीय.”

“नक्की ना, ताई?”

“विटा तपासून घेतल्यात आपण. तरी उद्या इंजिनिअरला बोलावते.”

दर पुरात हाच गाळ आमच्या घरात गुडघाभर शिरायचा. घमेल्यांनी तो बाहेर टाकताना आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या. आता तोच आमच्या मुलांना आडोसा देतोय, हे मनाला पटायला किती पावसाळे जावे लागतील, कोण जाणे.

शालनताई त्या ओल्या भिंतीलाच पाठ टेकून बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. मुलांना परत भिंतीजवळ या, असं मात्र आम्हा दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.