ढेपेच्या वासावर

माझं नाक बिघडलेलं आहे, असं माझी लेक म्हणते. मोगऱ्याचा गजरा मी एकदा हुंगून बाजूला ठेवते आणि म्हशीसाठी भिजत घातलेल्या ढेपेजवळून गेले की मला भूक लागते. तिने खुशाल हसावं. ती या जगात आली ती त्याच वासामुळे, हे तिला सांगून सांगून मी थकले.

माझं माहेर अमळनेरचं. वडील तेलाच्या गिरणीत कामाला होते. सरकीचं तेल काढल्यावर मागे जो चोथा उरतो ती ढेप, गुरांचा खुराक. आई मला आठवतच नाही. संध्याकाळी वडील घरी येत, हात मातीने घासून धूत, पण तो तेलकट, आंबूस वास त्यांच्या बोटांतून काही जात नसे. त्याच बोटांनी ते दुधात भाकरी कुस्करून मला भरवत. भाकरीला असाच वास असतो, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

लग्न होऊन मी एरंडोलजवळच्या एका खेड्यात आले. स्वराज्य यायला तेव्हा बराच अवकाश होता. सासूबाई मायाळू, पण त्यांचं नाक मोठं तिखट. शेजारच्या घरी डाळ करपली, तर ती करपवणारीच्या आधी यांना कळे. आमचा गोठा स्वयंपाकघराला लागूनच होता आणि भिजल्या ढेपेचा वास त्यांना मुळीच सोसत नसे. म्हशीचं दूध काढायलासुद्धा त्या नाकाला पदर बांधून जात. शेवटी सासऱ्यांनी कबूल केलं होतं, की यंदा कापूस घरात आला की गोठा परसाच्या पार टोकाला हलवू.

पहिल्या खेपेला माझ्या पोटात अन्न ठरलं नाही आणि मूलही राहिलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. सासूबाई धास्तावल्या. भातावर तूप वाढलं की मी अंगणात पळायची. त्यांनी उदबत्ती लावली, उशाशी फुलं ठेवली, त्याने तर जास्तच उमळून यायचं. शेजारीपाजारी म्हणत, 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' अशी सून आणली. इथे मी तुपापायीच उपाशी होते! मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. हेही मूल जाणार, असं मला वाटे आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत असे.

एका दुपारी म्हशीला पाणी ठेवायला गेले. घमेल्यात ढेप भिजत होती. तो वास आला आणि मळमळ एकदम बसली. मी घरातून चतकोर भाकरी पदराखाली आणली आणि घमेल्याशेजारी बसून खाल्ली. ती पोटात राहिली! मग रोजच चोरून जाऊ लागले.

चोरी किती दिवस लपणार? सासूबाईंनी मला धरलंच. त्या नाकाला पदर लावून दारात उभ्या, आणि मी म्हशीच्या पायाशी घास तोंडात घेऊन बसलेली. आता बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतील, नाहीतर चार शिव्या तरी देतील, या भीतीने उरलेली भाकरी मी पदराखाली लपवली.

"तुले आठे बरं वाटस का?" त्यांनी विचारलं.

मी रडत रडत वडिलांच्या बोटांचं सांगितलं. त्या आत गेल्या आणि अख्खी भाकरी, वर लसणाची चटणी घेऊन आल्या.

"बठ्ठी खाय. पोट भरीसन खाय." सगळी संपेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःचं ताटही गोठ्यात आणू लागल्या. एका हाताने पदर नाकाशी दाबून दुसऱ्या हाताने घास मोडायच्या. मध्येच उठून बाहेर जायच्या, मोठा श्वास घेऊन परत येऊन बसायच्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता? तर माझ्याच ताटात आणखी चटणी वाढायच्या. कारण लवकरच कळलं. शेजारीण कुडावरून डोकावून म्हणाली, "काय वं अक्का, सूनले गोठामा जेवाले बसाडं?"

"मी बी तठेच जेवस," सासूबाई म्हणाल्या. शेजारणीचं डोकं कुडाआड गेलं. सुनेला गुरांत बसवलं, असं गावाने म्हणू नये म्हणून ही बाई ओकारी दाबत माझ्या शेजारी जेवत होती. सख्ख्या आईने याहून वेगळं काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

त्या वर्षी कापूस घरात आला, पण गोठा जागेवरच राहिला. मला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बाळंतपणानंतर मला सगळं जेवण जाऊ लागलं, आणि आमचं गोठ्यातलं जेवण बंद झालं.

पुढल्या वर्षी मुलगी रांगायला लागली तेव्हा सासऱ्यांना आपला शब्द आठवला. त्यांनी दोन गडी बोलावले, पहारी आणवल्या. पहिला खांब हलवणार तोच सासूबाई नातीला कडेवर घेऊन आल्या.

"गोठा आठेच ऱ्हावू द्या."

सासरे चक्रावले. "तुलेच तं हाऊ वास आवडे नही ना?"

सासूबाई घमेल्यापाशी उभ्या होत्या. ढेप भिजून वर आली होती. माझं लक्ष त्यांच्या पदराकडे गेलं. तो खांद्यावरच होता.

"ह्या वासवर मनी नात वाढनी," त्या म्हणाल्या, आणि गड्यांना चहा पाजून परत पाठवलं.